मका आपल्या शेतातला, रान तुटलं दुसरीकडेच

इंधनासाठी पीक घ्यायचं म्हटलं की जमिनीचा वापर दोन तऱ्हांनी बदलतो, थेट आणि अप्रत्यक्ष. चर्चेत या दोहोंची हमखास गल्लत होते.

थेट बदल डोळ्यांना दिसतो. इंडोनेशियात पीटची जमीन आहे. हजारो वर्षं दलदलीत साचत गेलेला, पूर्ण न कुजलेला पालापाचोळा म्हणजे पीट. तिथलं जंगल तोडायचं, चर खणून पाणी काढायचं आणि पाम लावायचा. झाडांमधला कार्बन गेला तो गेलाच, पण पाणी उतरलं की पीटला हवा लागते, ते कुजायला लागतं आणि जमीन कोरडी आहे तोवर कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं. २००८ साली संशोधक जोसेफ फार्जिओन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात याचा कर्जासारखा हिशेब मांडला. जमीन मोकळी करताना हवेत गेलेला कार्बन हे मुद्दल आणि पेट्रोल-डिझेल न जाळल्यामुळे दरवर्षी होणारी बचत हा हप्ता. ब्राझीलच्या सेराडो या झाडी-गवताच्या माळावर ऊस लावून इथेनॉल केलं तर ही फेड १७ वर्षांत होते. पीटवरच्या पाम डिझेलला लागतात ४२३ वर्षं. पामची बाग साधारण २५ वर्षं चालते, हे लक्षात घ्या म्हणजे आकड्याचा अर्थ कळेल.

अप्रत्यक्ष बदलात शेतकरी एक फांदीही तोडत नाही. अमेरिकेतल्या आयोवात शेत तेच, मकाही तोच, फक्त गिऱ्हाईक बदलतं. पूर्वी जो मका जनावरांच्या पोटात जायचा, तो इथेनॉलच्या कारखान्यात जातो. जनावरांना खायला तर हवंच. मक्याचे भाव चढतात आणि ते पाहून दुसऱ्याच कुठल्या देशात कोणीतरी कुरण नांगरतं, रान तोडतं. टिमोथी सर्चिंगर यांनी त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये हे गणितात धरलं, तेव्हा पेट्रोलपेक्षा २० टक्के स्वच्छ मानलेलं मक्याचं इथेनॉल ३० वर्षांच्या हिशेबात जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करणारं ठरलं.

हा आकडा पुढे बराच उतरला. कॅलिफोर्नियाने मक्याच्या इथेनॉलवर अप्रत्यक्ष बदलापोटी २००९ मध्ये दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (समतुल्य) धरले होते, २०१५ मध्ये ते सुमारे २० वर आणले. (पेट्रोलचं एकूण उत्सर्जन ९५ च्या आसपास.) आकडा असा हलतो म्हणून इथेनॉलचे समर्थक तो सोडूनच द्या म्हणतात. पण सोडून देणं म्हणजे शून्य धरणं, आणि शून्य हा तर सगळ्यात कच्चा अंदाज झाला.

गल्लतीचा खरा फटका प्रमाणपत्रांत बसतो. ‘या बागेसाठी जंगल तोडलेलं नाही’ हा दाखला थेट बदलापुरता खरा असतो. जुन्या बागेचं तेल गाडीत गेलं आणि तळणासाठी नवी बाग उभी राहिली, तर दाखला जागच्या जागी आणि जंगल मात्र गायब. म्हणून युरोपीय संघाने बागेऐवजी पिकाकडे बघायला सुरुवात केली. २०१५ मध्ये वाहतुकीच्या ऊर्जेत खाद्यपिकांच्या इंधनाचा वाटा ७ टक्क्यांवर रोखला आणि २०१९ मध्ये पामतेल जास्त धोक्याचं ठरवून २०३० पर्यंत नवीकरणीय ऊर्जेच्या उद्दिष्टात त्याच्या इंधनाची मोजणी बंद करायचं ठरवलं.

आपल्याकडे हे अप्रत्यक्ष बदलाचं प्रकरण कोंबडीच्या खुराड्यातून आलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले. एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशात २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आला. हा मका कोणत्या जमिनीवर पिकला, याचा रकाना पंपावरच्या ई-२० च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) हिशेबात नाही.