धमनीकाठिण्यावर अ‍ॅक्युपंक्चर

धमनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल, दाहपेशी आणि कालांतराने कॅल्शियम साचून भिंत जाड व ताठर होते. कोल्हापुरात याला सरसकट ‘ब्लॉकेज’ म्हणतात आणि सुया टोचून ते निघेल अशी आशा धरतात. साचलेला थर सुईने विरघळतो, असे माणसांत सिद्ध झालेले नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करायचा तो लक्षणांवरचा पूरक उपचार म्हणून, आणि तोही औषधे चालू ठेवून.

सुईमुळे त्वचेतल्या व स्नायूंतल्या नसा उत्तेजित होतात. त्यातून रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाह कमी होतो, असे मानतात. त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग आहेत. चीनमध्ये स्थिर हृदयशूळाच्या (श्रमाने छातीत येणारी कळ, अंजायना) 404 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2019) नेहमीच्या औषधांच्या जोडीला चार आठवड्यांत 12 बैठका दिल्या, तेव्हा शूळाचे झटके खोट्या सुयांच्या (तुलनेसाठी दिखाव्यापुरत्या टोचलेल्या) गटापेक्षा कमी झाले. उलट, उच्च रक्तदाबाच्या 192 रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत (2006) खऱ्या व खोट्या सुयांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून रक्तदाबाची गोळी सुयांच्या भरवशावर सोडू नये.

नेहमीचे दोन बिंदू असे: नेइग्वान मनगटाच्या आतल्या घडीपासून दोन अंगठे वर, दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध, झूसानली गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. माप रुग्णाच्याच बोटांचे घ्यायचे. साधारण 0.25 मिमी जाडीची, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई 20 ते 30 मिनिटे ठेवतात. जड, बोथट अशी संवेदना अपेक्षित असते. नेइग्वानखालून मध्यिका चेतातंतू (हाताची एक मोठी नस) जातो; बोटांपर्यंत विजेसारखी झणझण गेली तर सुई लगेच मागे घ्यावी.

रंकाळ्यावर फेरी मारताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि नुसते उभे राहिल्यावर काही मिनिटांत कळ जाते, तेव्हा संशय पायाच्या धमनीचा घ्यावा. कळ जायला बसावे किंवा वाकावे लागत असेल, तर दुखणे बहुधा कण्याचे. आधी घोटा व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे, 0.9 किंवा त्याहून कमी आल्यास धमनी अरुंद समजतात. मधुमेहात मात्र धमनी इतकी ताठर होऊ शकते की आकडा खोटाच चांगला येतो. पायाची नाडी लागत नसेल, पाऊल गार असेल वा जखम असेल, तर त्या पायात सुई टोचू नये. इवले छिद्रही भरत नाही आणि जंतुसंसर्ग चढतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना सुई काढल्यावर दोन-तीन मिनिटे दाब द्यावा, नाहीतर रक्त साकळते. पेसमेकर असल्यास सुयांना विजेचा प्रवाह जोडू नये. छातीत खोल टोचल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. उपाशीपोटी आलेल्याला भोवळ येते, म्हणून पहिली बैठक झोपवूनच करावी.

महाराष्ट्रात 2015च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरतज्ज्ञांसाठी स्वतंत्र परिषद व नोंदणी आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. विश्रांती घेऊनही छातीतली कळ थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर सुयांच्या खोलीत वेळ न घालवता सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे हृदयरुग्णालय गाठावे.