पोल बरोबर होते, मग जागा कुठे गेल्या? कॅनडाच्या निवडणुकीतले दोन आकडे

२८ एप्रिल २०२५ ला कॅनडात मतदान झालं. त्याआधीच्या दिवसांत दोन प्रकारचे आकडे सगळीकडे फिरत होते. जनमत चाचण्या म्हणत होत्या की लिबरल पक्ष कॉन्झर्व्हेटिव्हांच्या दोन ते चार टक्के पुढे आहे. जागांचा अंदाज मांडणारे मात्र लिबरलांना १८० च्या वर जागा देत होते. ३४३ जागांच्या सभागृहात बहुमताला १७२ लागतात, म्हणजे त्यांच्या मते बहुमत जवळपास खिशात होतं. प्रत्यक्षात लिबरलांना ४३.८ टक्के आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना ४१.३ टक्के मतं पडली. फरक अडीच टक्क्यांचा, चाचण्यांनी सांगितला तेवढाच. जागा मात्र १६९ वर अडकल्या आणि लिबरल नेते मार्क कार्नी यांच्या वाट्याला अल्पमतातलं सरकार आलं. ‘पोल पुन्हा चुकले’ असा गलका लगेच सुरू झाला. पोल चुकले नव्हते. चुकला तो त्यांच्यावरून मांडलेला हिशेब.

आपल्याकडे हा घोळ आणखी सहज होतो, कारण मराठी वाहिन्या पोल म्हणून थेट जागाच दाखवतात. टक्केवारी असलीच तर कोपऱ्यात. मतदानाची पद्धत दोन्ही देशांत एकच आहे: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं तिथेच संपतात. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांची मतं जवळपास सारखी होती, जागा ३० आणि १७. त्यामुळे कॅनडात काय झालं ते आपल्याला समजायला जड जाऊ नये.

जनमत चाचणी एकच प्रश्न विचारते: आज मतदान झालं तर देशभरात किती लोक कुणाला मत देतील? नॅनोस, लेजर, अबॅकस, अँगस रीड, एकॉस या तिथल्या नावाजलेल्या संस्था. कुणी फोनवर विचारतं, कुणी ऑनलाइन. साधारण हजार-दीड हजार लोकांना विचारलं की देशाचं चित्र बऱ्यापैकी कळतं, चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. पण दीड हजार भागिले ३४३ करून पाहा. एका मतदारसंघाला चार-पाच माणसं येतात. अटलांटिक प्रांतांतून जेमतेम शंभर माणसं आली असतील, तर तिथल्या आकड्यात दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. कुठली जागा कोण जिंकणार, हे चाचणीला माहीत नसतं आणि ती तसा दावाही करत नाही.

जागांचा अंदाज ही वेगळीच गोष्ट आहे. फिलिप फोर्निये यांचं ‘३३८ कॅनडा’ आणि एरिक ग्रेनिये यांचा सीबीसीवरचा ‘पोल ट्रॅकर’ ही त्यातली प्रमुख नावं. हे लोक कुणालाही फोन करत नाहीत. ते सगळ्यांच्या चाचण्या एकत्र करतात, प्रत्येक प्रांतात पक्षाची मतं मागच्या वेळेपेक्षा किती सरकली ते काढतात आणि तेवढाच सरकाव त्या प्रांतातल्या प्रत्येक मतदारसंघाच्या जुन्या निकालावर चढवतात. मग विद्यमान खासदार, वस्तीची रचना वगैरे पाहून थोडं कमी-जास्त करतात. २०२५ मध्ये तर सीमाही नव्याने आखलेल्या होत्या, म्हणजे २०२१ चा निकालसुद्धा नव्या नकाशावर बसवून घ्यावा लागला. इतक्या गृहीतकांवर उभा असलेला आकडा बातमीत ‘१८६ जागा’ असा छापला जातो, तेव्हा तो मोजून आणल्यासारखा वाटतो. त्यामागचा पल्ला, अमुकपासून तमुकपर्यंत, कुणी वाचतच नाही. माझी खरी तक्रार याच गोष्टीबद्दल आहे.

आता त्या प्रसिद्ध उलथापालथीकडे येऊ. ६ जानेवारी २०२५ ला लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी पायउतार होण्याची घोषणा केली, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह वीस टक्क्यांहून जास्त पुढे होते. मग ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या धमक्या आल्या, कॅनडाला ५१ वं राज्य म्हणणं आलं. ९ मार्चला कार्नी लिबरलांचे नेते झाले, १४ ला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सामान्य ग्राहकावरचा कार्बन कर रद्द केला. कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते पिएर पोइलिएव्ह यांचा सारा प्रचार ट्रुडो आणि कार्बन कर या दोन खुंट्यांवर टांगलेला होता. नऊ दिवसांनी निवडणूक जाहीर झाली, त्याआधीच दोन्ही खुंट्या उपटल्या गेल्या होत्या. ओंटारिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांचे प्रचारप्रमुख कोरी टेनाइक स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह विचारांचे, पण त्यांनी ऐन प्रचारात पोइलिएव्ह यांच्या रणनीतीवर उघड टीका केली.

पण टक्के नीट पाहा. कॉन्झर्व्हेटिव्हांची मतं कोसळली नाहीत. चव्वेचाळीस-पंचेचाळीसवरून ती एक्केचाळीसवर आली, आणि १९८८ नंतर उजव्या बाजूच्या मुख्य पक्षाला एवढा वाटा मिळालेला नव्हता. आघाडी नाहीशी झाली ती दुसऱ्या कारणाने. डाव्या विचारांच्या एनडीपी पक्षाची मतं १७.८ टक्क्यांवरून ६.३ वर घसरली, क्युबेक प्रांतात फक्त तिथेच लढणाऱ्या ब्लॉक पक्षाची मतं गळाली आणि बहुतेक ओघ लिबरलांकडे गेला. नुसता ‘कोण किती पुढे’ हा फरक पाहणाऱ्याला हे दिसलंच नाही.

जागांचा अंदाजही नेमका इथेच घसरला. एनडीपीची मतं लिबरलांकडे जातात, असं धरून चालणं सोयीचं होतं. विंडसर आणि लंडन या ओंटारिओतल्या कामगारवस्तीच्या शहरांत मात्र कॉन्झर्व्हेटिव्हांनी एनडीपीच्या जुन्या जागा जिंकल्या. टोरांटोच्या बाहेरच्या पट्ट्यात, जिथे आपले बरेच मराठी लोक राहतात, तिथेही त्यांनी अपेक्षेपेक्षा चांगली मजल मारली. प्रांताची सरासरी सगळीकडे सारखी चढवली की आतले असे उलटे प्रवाह पुसले जातात. उलट दिशेलाही धक्का होता. ओटावाजवळचा कार्लटन पोइलिएव्ह यांचा २००४ पासूनचा बालेकिल्ला. तिथे निषेध म्हणून इतके अर्ज भरले गेले की एकूण ९१ उमेदवार झाले आणि मतपत्रिका जवळपास एक मीटर लांब छापावी लागली. पोइलिएव्ह तिथेच हरले.

मतं आणि जागा किती वेगळ्या वाटेने जातात, हे दोन लहान पक्षांत सर्वांत स्वच्छ दिसतं. ब्लॉकला ६.३ टक्के, एनडीपीलाही ६.३ टक्के. ब्लॉकला २२ जागा, एनडीपीला ७. ब्लॉकची सगळी मतं क्युबेकमध्ये, एनडीपीची देशभर विखुरलेली. बारा जागा नसल्याने एनडीपीचा मान्यताप्राप्त पक्षाचा दर्जा गेला आणि स्वतःची जागाही हरलेल्या जगमीत सिंग यांनी नेतेपद सोडण्याची घोषणा केली. २०१९ आणि २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांना लिबरलांपेक्षा जास्त मतं होती आणि जागा कमी, तेही याच कारणाने. त्यांचा गड असलेल्या अल्बर्टा प्रांतात एखादी जागा ऐंशी टक्क्यांनी जिंकली काय आणि एक्कावन्नने जिंकली काय, जागा एकच.

उमेदवारांच्या वादांचं काय? राष्ट्रीय चाचणीत ते सहसा दिसत नाहीत, तीन टक्क्यांच्या चुकीत बुडून जातात. जागांच्या अंदाजात संताप मोजायची सोयच नाही, फार तर विद्यमान खासदाराला दिलेला वाढीव वाटा काढून घेतात. टोरांटोजवळच्या मार्कम-युनियनव्हिल मतदारसंघाचं उदाहरण घ्या. तिथले लिबरल खासदार पॉल चियांग म्हणाले होते की पुढे दुसऱ्या मतदारसंघातून लढलेले कॉन्झर्व्हेटिव्ह जो टे यांना चिनी वकिलातीत नेऊन दिलं तर हाँगकाँग पोलिसांनी त्यांच्यावर लावलेलं बक्षीस मिळेल. कार्नींनी आधी त्यांना पाठीशी घातलं. ते चुकलंच. टे यांच्यासारख्यांना जिवाची भीती खरीखुरी असते. शेवटी ३१ मार्चच्या रात्री चियांग यांनी माघार घेतली. अर्जांची मुदत ७ एप्रिलला संपायची होती, म्हणून पक्षाला पीटर युएन यांना उभं करता आलं. त्याच आठवड्यात कॉन्झर्व्हेटिव्हांनीही आपले काही उमेदवार काढले. मुदतीनंतर हे जमत नाही. २०२१ मध्ये टोरांटोच्या केव्हिन व्हुआँग यांना लिबरलांनी ऐन शेवटी झटकलं, पण मतपत्रिकेवर नावापुढे पक्षाचं नाव तसंच राहिलं. ते निवडून आले आणि अपक्ष म्हणून बसले.

मार्कम-युनियनव्हिलमध्ये अखेर कॉन्झर्व्हेटिव्ह मायकेल मा जिंकले. त्यानंतर २०२५ च्याच नोव्हेंबरमध्ये नोव्हा स्कोशियाचे ख्रिस डी’आँत्रमाँ आणि डिसेंबरमध्ये खुद्द मा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून लिबरलांकडे गेले. १६९ चे १७१ झाले, बहुमताला एक कमी, आणि मधल्या काळात त्या दोन मतदारसंघांतल्या एकाही मतदाराने नवं मत दिलेलं नव्हतं.