सोशल मीडियाच्या अटी बदलल्या, खातं गोठवलं: तक्रार आणि अपील कसं करायचं

नव्या अटी रद्दच करून घ्यायच्या असतील तर ही प्रक्रिया त्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण त्या अटींवर बोट ठेवून तुमची पोस्ट काढली, खातं गोठवलं किंवा बदल धड कळवलाच नाही, तर कंपनीकडून लेखी उत्तर मागता येतं. ते पटलं नाही तर केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. दोन्हीचा आधार माहिती तंत्रज्ञान नियम, 2021.

तुमचा हक्क काय

अटी आणि गोपनीयता धोरण ठळकपणे प्रसिद्ध करणं, तसंच त्यांची आणि त्यांतल्या बदलांची माहिती ठरावीक काळाने वापरकर्त्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मूळ नियमांत हे वर्षातून किमान एकदा करायचं होतं. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीनंतर हा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवा. (मराठी मसुदा वाचताना कधीकधी इंग्रजीच सोपा वाटतो, तो भाग वेगळा.)

भारतात 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर जादा जबाबदारी आहे. त्यांनी स्वतःहून तुमचा मजकूर काढला तर कारण कळवायचं आणि तुम्हाला बाजू मांडायची वाजवी संधी द्यायची. लोकांच्या तक्रारींत हा मुद्दा बहुतेक वेळा नसतोच. तुम्ही तो आवर्जून घाला.

तक्रार कोण करू शकतं? वापरकर्ता किंवा पीडित व्यक्ती. तुमचा फोटो दुसऱ्याने टाकला असेल, तर त्या साइटवर तुमचं खातं नसलं तरी चालतं.

आधी तक्रार अधिकारी

बहुतेकांची गाडी इथेच अडते. ॲपमधलं 'फेरविचार करा' बटण दाबलं म्हणजे तक्रार झाली असा समज असतो. पण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार वेगळी, आणि पुढचं अपील तिच्याच निकालावर होतं. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर किंवा ॲपवर देणं सक्तीचं आहे. 'ग्रिव्हन्स ऑफिसर इंडिया' असं शोधलंत की ईमेल किंवा फॉर्म सापडतो. खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच लिहा, नाहीतर खातं तुमचंच कशावरून, यातच वेळ जातो.

24 तासांत पोच मिळायला हवी. मोठ्या कंपनीने तक्रारीला स्वतंत्र तिकीट क्रमांकही द्यायचा असतो. निकालासाठी 2021 च्या नियमांत 15 दिवस होते. नंतरच्या दुरुस्त्यांत मुदती बदलल्या आहेत, म्हणून तक्रार करतानाच चालू मुदत तपासून घ्या.

मजकूर लांबलचक नको. साधारण असा पुरतो: 'माझं अमुक खातं अमुक तारखेला बंद करण्यात आलं. सूचनेत अटींचं कलम दाखवलेलं नाही. कारवाईआधी मला कारण कळवलं नाही, बाजू मांडायची संधीही मिळाली नाही. कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या मजकुरावरून कारवाई झाली ते लेखी कळवावं आणि खातं पूर्ववत करावं.' शेवटचं वाक्य विसरू नका. नेमकं काय हवंय तेच न लिहिलेल्या तक्रारीला साचेबद्ध उत्तर येतं.

जोडायचे कागद

खात्याची आणि पोस्टची लिंक, कंपनीच्या सूचनेचा स्क्रीनशॉट, तक्रारीची प्रत, पोच, तिकीट क्रमांक आणि आलेलं उत्तर. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि खात्याचं नाव दोन्ही दिसू द्या; चित्र कापताना नेमकं तेच उडतं. वाद अटींच्या बदलाचाच असेल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती लागतील. अटींच्या पानावर बदलाची तारीख असते, ती जपा. जुनं पान कंपनीकडे मिळत नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाहा. नवी अट मान्य करायचा चौकोन आला की 'मान्य' दाबण्याआधी त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, कारण तो पुन्हा दिसेलच असं नाही.

मग अपील समिती

अशा तीन समित्या जानेवारी 2023 मध्ये नेमल्या गेल्या आणि 1 मार्च 2023 पासून त्यांचं पोर्टल सुरू झालं. पत्ता: जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. प्रत्येक समितीत एक अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य असतात. सगळं काम ऑनलाइन चालतं, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.

अधिकाऱ्याचं उत्तर हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं. म्हणून उत्तराच्या ईमेलची तारीख झाकू नका, ईमेल पुसू नका. समितीनेही 30 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं नियम सांगतो. 'प्रयत्न' हा शब्द लक्षात ठेवूनच वाट पाहा. आदेश झाला की कंपनीने तो पाळायचा आणि पाळल्याचा अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकायचा.

इतर वाटा

पैसे भरून सदस्यत्व घेतलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 कामी येतो. पुरेशा कारणाविना एकतर्फी करार मोडू देणारी अट 'अन्याय्य करार' ठरू शकते. मात्र ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते.

'माना नाहीतर निघा' छापाच्या अटींची दखल बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारा स्पर्धा आयोगही घेतो. व्हॉट्सॲपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणावरून आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पण एकट्याचं खातं परत मिळवायला ही वाट नाही.

वैयक्तिक माहितीसाठी 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेण्याची तरतूद त्यात आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण हे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तेव्हाही डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याआधी कंपनीकडेच तक्रार करावी लागेल.