‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सोलापुरात सुताच्या गाळ्यांपासून ट्यूशन क्लासेसपर्यंत कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. मग घरातला इंजिनिअरिंगचा भाचा पेनड्राइव्हवर उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्स घेऊन येतो, बसवतो, पेनड्राइव्ह काढतो आणि मशीन पुन्हा चालू करतो. काळ्या पडद्यावर उमटतं : ग्रब रेस्क्यू. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर.

नव्या पेठेत मशीन नेलं की निदान बहुधा ठरलेलं : ‘हार्डडिस्क गेली’, नाहीतर ‘फॉरमॅट मारावं लागेल’. खंडेनवमीला सीपीयूवर हळदकुंकू वाहणारा माणूस निदान डेटा तरी पुसत नाही. फॉरमॅटचा अंगारा डेटाही नेतो आणि बिघाडाचा पुरावाही. खरं तर ग्रब रेस्क्यू दिसलं याचा अर्थ डिस्क वाचली जातेय आणि सुरुवातीचे दोन टप्पे नीट पार पडलेत.

ते टप्पे कोणते? जुन्या मशीनांत मदरबोर्डवर बायोस नावाचं सॉफ्टवेअर असतं. या पद्धतीत मशीन चालू झालं की बायोस डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे कप्पा, मेमरीत उचलतो. आकार ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. शेवटचे २ बाइट खुणेचे. ही खूण बिटांत मांडली तर ०१०१०१०१ आणि लगेच १०१०१०१० अशी येते, म्हणजे चक्क साध्या विणीच्या कापडाच्या दोन ओळी : एकीत धागा जिथे वर, दुसरीत तिथे खाली. खूण नसेल तर बायोस ती डिस्क बूट होण्याजोगी मानत नाही आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणून मोकळा होतो.

उरले ४४६ बाइट. एवढ्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम जागी करायची सुरुवात बसवायची! यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे या जागेत मराठीची १४८ चिन्हं मावतील; हा परिच्छेदसुद्धा नाही. म्हणून ग्रबचा हा पहिला तुकडा जाणूनबुजून अडाणी ठेवलेला आहे. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, त्याला ठाऊक नसतं. त्याला एका सेक्टरचा क्रमांक पाठ असतो. तिथे जायचं, दुसरा तुकडा उचलायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची.

हा दुसरा तुकडा राहतो पहिल्या सेक्टरनंतरच्या रिकाम्या पट्ट्यात. पूर्वी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे मधे ६२ सेक्टर, जेमतेम ३१ केबी मोकळे. आता ते बहुधा २०४८पासून सुरू होतं, त्यामुळे जवळपास १ एमबी मिळतो. जीपीटी हा नव्या पद्धतीचा पार्टिशन-तक्ता वापरला तर मात्र तोच या पट्ट्यात शिरून बसतो, म्हणून बायोस पद्धतीने बूट करायचं तर ग्रबसाठी ‘बायोस बूट’ नावाचं १ एमबीचं वेगळं पार्टिशन ठेवावं लागतं. ते विसरलं की इन्स्टॉलर शेवटच्या पायरीवर रुसतो.

दुसरा तुकडा शहाणा असतो, त्याला फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, वाचता येते. पण आपला बाकीचा संसार कुठल्या पार्टिशनवर आहे, हे त्याच्यात इन्स्टॉल करतानाच कोरलेलं असतं. कुणी विंडोजमधून ‘रिकामं दिसतंय’ म्हणून लिनक्सचं पार्टिशन उडवलं, किंवा क्रमांक बदलले, की हा बिचारा पत्त्यावर जातो आणि तिथे घरच नाही. मग तो ग्रब रेस्क्यू म्हणून हाक मारतो. तिथे एलएस टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशनांची यादी येते. ग्रबचं फोल्डर ज्यात आहे ते शोधून रूट आणि प्रीफिक्स या दोन किमती दुरुस्त केल्या, नॉर्मल मोड्यूल चढवून नॉर्मल लिहिलं, की मेनू परत. मेनू आल्यावर सिस्टीम सुरू करून ग्रब पुन्हा बसवायचा, नाहीतर पुढच्या वेळी तेच.

आणखी एक हमखास प्रकार : इन्स्टॉलरने ‘ग्रब कुठल्या डिस्कवर?’ विचारलं तेव्हा चुकून पेनड्राइव्हच निवडलेला असतो. पेनड्राइव्ह असेपर्यंत सगळं सुरळीत, काढला की मशीन मुकं.

बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनांत ४४६ बाइटांची कसरत नाही. तिथे फॅट प्रकारच्या छोट्या पार्टिशनवर बूटलोडर साध्या फाइलच्या रूपात असतो आणि त्याचा पत्ता मदरबोर्डच्या स्मृतीत. इथली चूक वेगळी : विंडोज यूईएफआयने बसलेलं, पण पेनड्राइव्ह लीगसी, म्हणजे जुन्या बायोस, मोडमध्ये सुरू केलेला. पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह लिनक्समध्ये सिस / फर्मवेअर / ईएफआय हे फोल्डर दिसलं तर आपण यूईएफआयमध्ये आहोत. नसलं तर आधी सेटिंग बदला, मग इन्स्टॉल करा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करणार असाल तर त्याआधी विंडोजची बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ‘लिनक्समध्ये काहीच बिघडत नाही’ असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ हे सांगत नाहीत.

मेनू दिसून पुढे ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अननोन ब्लॉक’ आलं तर ग्रब निर्दोष आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मूळ डिस्क सापडली नाही, आणि बऱ्याचदा कारण असतं इनिट्रॅमएफएस ही मदतनीस फाइल, जी बूट पार्टिशन भरल्यामुळे अपडेटच्या वेळी अर्धवट लिहिली गेली. मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा, तो चालला तर जुने कर्नल काढून जागा करा आणि ती फाइल पुन्हा तयार करा.

आणि कर्नल चढूनही पडदा काळाच राहिला, तर संशय ग्राफिक्स कार्डावर. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा. लॉगिन विचारलं तर मशीन कधीच सुरू झालंय, फक्त चित्र उमटत नाहीये. मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द घाला आणि एफ१० दाबा. कामापुरता पडदा मिळाला की कार्डाचा ड्रायव्हर तिथूनच बसवता येतो.