निकाल हातात आहे, पण दरखास्त टाकायची का?

गणपतीला गावी आलेले चाकरमानी ट्रंकेतून निकालाची जुनी नक्कल काढतात आणि विचारतात, "आता दरखास्त टाकायची ना?" दरखास्त म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून मागणारा कोर्टातला अर्ज. पण दावा कसला होता, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

समजा, शेजाऱ्याने तुमच्या आगरात चार हात आत घुसून चिऱ्यांचा गडगा घातला आणि तुम्ही कब्जाचा दावा जिंकलात. हुकूमनामा (निकालाप्रमाणे कोर्टाने काढलेला औपचारिक हुकूम) झाला की दावा संपला. शेजारी आपणहून हटला नाही तर वेगळी दरखास्त टाकायची, मग कब्जा वॉरंट, ते बजावणारा कोर्टाचा बेलिफ, लागलाच तर पोलीस बंदोबस्त. त्याला मुदत 12 वर्षं. पण निकालात नुसतं 'गडगा काढून टाका' एवढाच हुकूम असेल (वकील त्याला मॅन्डेटरी इंजंक्शन म्हणतात), तर मुदत फक्त 3 वर्षं! गडगा तोच, शेजारीही तोच. आपल्याकडे माणसं इथेच फसतात. 'निकाल जिंकल्यावर खऱ्या अडचणी सुरू होतात' या अर्थाचं प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) 1872 मध्येच लिहून ठेवलंय.

वाटपाच्या दाव्याचं तसं नाही. तीन भावांच्या सामाईक घराबद्दल कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं. त्यात प्रत्येकाचा हिस्सा किती एवढंच ठरतं. माजघर कुणाचं आणि पडवी कुणाची, ते नाही. लोक हाच कागद शेवटचा समजून मुंबईला परततात. पण दावा अजून जिवंतच असतो. पुढे टाकायची ती दरखास्त नव्हे. त्याच दाव्यात अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज द्यायचा, मग कोर्ट कमिशनर येऊन मोजमाप करतो, वाटे सुचवतो. या अर्जाला मुदतीची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात सांगितलं. 2022 मध्ये तर त्यांनी खालच्या कोर्टांना बजावलं की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहूनच पुढची तारीख लावा.

शेतसारा भरणाऱ्या जमिनीची वाट वेगळी. तिचं सरस-निरस (जमिनीचा चांगला-वाईट कस बघून केलेलं) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. म्हणजे एकाच दाव्यात घर कोर्टाकडे आणि आंब्याच्या कलमांची बाग महसूल खात्याकडे, असंही होतं.

अंतिम हुकूमनामा झाल्यावरही भाऊ खोली सोडत नसेल तर मात्र दरखास्त आलीच, आणि तिथे 12 वर्षं लागू. हा हुकूमनामा स्टॅम्प पेपरवर उतरवून घ्यावा लागतो. 'पैसे नव्हते, स्टॅम्प उशिरा आणला, मुदत तेव्हापासून धरा' हे चालत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच मोजली. म्हणून ट्रंकेतला कागद उघडलात की आधी त्यावर 'प्राथमिक' लिहिलंय की 'अंतिम' ते बघा, मग तारीख.