चिकित्सा मार्गदर्शिकांचे अनुपालन

एखाद्या रोगाच्या निदान-उपचारासाठी तज्ज्ञमंडळांनी केलेल्या शिफारशी (रूढ शब्द ‘गाइडलाइन’) चिकित्सक कितपत पाळतात आणि न पाळण्यामागे कोणती कारणे असतात, याचा विचार.

या शिफारशींचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकमत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९३८ मध्ये प्रथम काढलेली व पुढे ‘रेड बुक’ म्हणून प्रसिद्ध झालेली पुस्तिका काही जण आद्य मार्गदर्शिका मानतात. इतर काही १९७७ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरवलेल्या सहमती-परिषदांकडे बोट दाखवतात. मात्र या दोहोंचा मुख्य आधार तज्ज्ञांचे मतैक्य हाच होता. त्यामुळे अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने (इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन) १९९० मध्ये केलेल्या व्याख्येपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. २०११ च्या सुधारित व्याख्येत पुराव्यांचे पद्धतशीर समालोचन आणि उपचाराच्या फायद्या-तोट्यांची तुलना यांची भर पडली. १९९० ची व्याख्या मार्गदर्शिकेला चिकित्सक व रुग्ण यांच्या निर्णयाला साहाय्य म्हणते, आदेश नव्हे. अनुपालनाची टक्केवारी काढताना हे बरेचदा विसरले जाते.

अनुपालन न होण्याची कारणे मायकेल कबाना व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ७६ अभ्यासांतून संकलित केली: माहिती नसणे, शिफारस न पटणे, ती आपल्याला जमेल असा विश्वास नसणे, जुनी सवय, वेळ-साधनांची टंचाई इत्यादी. पहिल्या कारणावर भर देण्याचा प्रघात असला, तरी जोनाथन लोमास व सहकाऱ्यांचा कॅनडातील अभ्यास (१९८९) वेगळेच सुचवतो. सिझेरियन कमी करण्याविषयीची शिफारस बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना ठाऊक होती व मान्यही होती. सुमारे एकतृतीयांश तज्ज्ञांनी आपली पद्धत बदलल्याचे सांगितले. प्रत्यक्ष शस्त्रक्रियांच्या प्रमाणात मात्र नाममात्र फरक पडला. पुढे १९९१ मध्ये त्याच गटाला असे आढळले, की नोंदींची तपासणी करून डॉक्टरांना आकडे कळवण्यापेक्षा स्थानिक मान्यवर सहकाऱ्याने सांगितलेले अधिक उपयोगी पडले.

मुंबईतील क्षयोपचाराचे उदाहरण याहून ठळक आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी ८० निरनिराळ्या उपचारयोजना लिहून दिल्या. सुमारे वीस वर्षांनी झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी (२०१०) ती पाहणी पुन्हा केली, तेव्हा १०६ डॉक्टरांच्या ६३ योजना निघाल्या व फक्त सहांची चिठ्ठी बरोबर ठरली. कल जास्त औषधे, जास्त काळ देण्याकडे होता; म्हणजे चूक हात आखडता घेण्याची नव्हती. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल यांचा प्रमाणित उपचारक्रम तोपर्यंत काही नवा राहिला नव्हता.

शिफारस न पाळणे दर वेळी दोषास्पद नसते. २००५ मध्ये सिंथिया बॉइड व सहकाऱ्यांनी मधुमेह, उच्च रक्तदाब, श्वासमार्ग अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार (सीओपीडी), अस्थिविरलता व संधिवात असलेली ७९ वर्षांची काल्पनिक रुग्ण घेऊन प्रत्येक रोगाची मार्गदर्शिका तिला तंतोतंत लावली, तेव्हा रोजच्या औषधांची संख्या बारावर गेली व काही शिफारशी एकमेकींना छेद देऊ लागल्या. शिवाय अमेरिकी हृद्‌रोग मार्गदर्शिकांच्या २००९ मधील छाननीत सर्वोच्च दर्जाच्या पुराव्यावर उभ्या शिफारशी जेमतेम ११ टक्के आढळल्या. जवळजवळ निम्म्या तज्ज्ञमत वा तत्सम दुबळ्या आधारावर होत्या.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ पासून प्रमाणित उपचारांचे आराखडे एकेका पानात मांडले आहेत.