फुकटात आलेली चिलखती गाडी : अमेरिकी पोलिसांच्या लष्करी साधनांची पार्श्वभूमी

अमेरिकेत देशांतर्गत पोलिसी कामासाठी सैन्य वापरण्यावर १८७८ पासून कायद्याने बंधन आहे. सैन्याची साधनं पोलिसांना देण्याची वाट मात्र १९८१च्या कायद्याने मोकळी केली. तोवर पोलिसांत सशस्त्र विशेष पथकं उभी राहिली होती. १९६५च्या वॉट्स दंगलीनंतर लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेल्या 'स्वॉट' पथकाने डिसेंबर १९६९मध्ये 'ब्लॅक पँथर' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या कार्यालयावर छापा घातला. त्याची ही पहिली मोठी कारवाई.

ही पथकं गावोगावी पोचली ती अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेमुळे. केंद्रीय यंत्रणेबरोबर केलेल्या कारवाईत जप्त मालमत्तेचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा स्थानिक पोलिसांना मिळेल, अशी सोय १९८४च्या कायद्यानंतर झाली. हा पैसा नगर परिषदेकडे न मागताच पोलिसांच्या हाती येई. आमच्या मते या इतिहासातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वळण आहे, कारण खर्चावरचा लोकप्रतिनिधींचा ताबा इथे सुटला.

१९९०च्या सुमारास पेंटागॉनचं जादा सामान अमली पदार्थविरोधी कामासाठी देणं सुरू झालं. १९९६च्या संरक्षण कायद्यातल्या कलम १०३३ने ते इतर पोलिसी कामांनाही खुलं केलं. फेब्रुवारी १९९७मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या बँकेबाहेर चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुलं निकामी ठरली आणि गस्तीच्या गाड्यांत रायफली आल्या. ती गरज खरी होती. २००१नंतर दहशतवादविरोधी अनुदानांतून नव्या चिलखती गाड्याही विकत घेतल्या गेल्या.

१०३३ची पद्धत अशी : पोलीस दल राज्याच्या समन्वयकामार्फत मागणी नोंदवतं, मंजुरी मिळाली की सामान स्वखर्चाने वाहून नेतं. वस्तूची किंमत शून्य. पण बंदुका, चिलखती गाड्या अशा नियंत्रित वस्तूंची मालकी संरक्षण खात्याचीच राहते. त्या विकता येत नाहीत, दरवर्षी मोजून दाखवाव्या लागतात, आणि बंदूक हरवली तर दल या योजनेतून निलंबित होऊ शकतं. कागदपत्रांची तपासणी मात्र ढिली होती. २०१७मध्ये केंद्रीय लेखापरीक्षकांनी बनावट पोलीस दलाच्या नावाने अर्ज करून सुमारे १२ लाख डॉलरच्या शंभराहून अधिक वस्तू मिळवून दाखवल्या.

इराक-अफगाणिस्तानातून परतलेली 'एमरॅप' ही सुरुंगरोधक गाडी सैन्याला साधारण ७ लाख डॉलरला पडली होती. सुमारे १५ ते २० टन वजन, गुरुत्वमध्य उंच. वळणावर किंवा खचलेल्या कडेला उलटण्याचा धोका मोठा. म्हणून चालकाचं वेगळं प्रशिक्षण हवं. इंधन, टायर, सुटे भाग, ठेवायला जागा, सगळं गावाच्या अंदाजपत्रकातून.

ऑगस्ट २०१४मध्ये मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेल्यावर निदर्शनं झाली आणि निदर्शकांसमोर पोलिसांच्या चिलखती गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा देशाने त्या नीट पाहिल्या. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराच्या परिषदेने आपली एमरॅप परत करायचं ठरवलं. ओबामांनी २०१५मध्ये संगिनी, ग्रेनेड लाँचर, साखळी-चाकांची चिलखती वाहनं पोलिसांना देणं बंद केलं. ट्रम्प यांनी २०१७मध्ये बंदी उठवली. बायडेन यांनी २०२२मध्ये पुन्हा निर्बंध घातले. २०२५मध्ये तेही रद्द झाले.

राष्ट्राध्यक्ष बदलला तरी टिकेल असा उपाय कॅलिफोर्नियाने २०२१च्या कायद्यात केला. तिथे लष्करी साधन घेण्याआधी लोकनियुक्त मंडळाची जाहीर बैठकीत मंजुरी लागते. दरवर्षीच्या अहवालात खरेदी, मनुष्यबळ, प्रशिक्षण, वाहतूक, देखभाल आणि साठवण यांचा खर्च प्रत्येक प्रकारच्या साधनासाठी वेगळा दाखवावा लागतो, आणि तो पैसा कुठून येणार हेही लिहावं लागतं.